आम्ही मूळचे उन्हाळ्याचे

माझ्या नातीला इथे नोव्हायच्या शाळेत, तिसरीत, ‘तुझ्या नावाची गोष्ट’ असा प्रकल्प होता. तिचे आडनाव जोडआडनाव आहे. आधी आईचे, म्हणजे आमचे उन्हाळेकर, आणि मग वडिलांचे पोलिश. पोलिश बाजूची माहिती तिकडच्या आजीने हॅमट्रॅमकहून फोनवर दिली. आमच्या बाजूला नातीने मोठा पिवळा सूर्य काढला आणि खाली लिहिले, ‘समर’. उन्हाळे आणि उन्हाळा. तिची काही चूक नाही. मी सांगितले, आपण उन्हाळ्याचे खरे, पण हे उन्हाळे म्हणजे राजापूरजवळचे गाव. तिथे गरम पाण्याचा झरा आहे, त्यावरून गावाला नाव आणि गावावरून आपल्याला.

दोन्ही शब्दांचे मूळ मात्र एकच. संस्कृत उष्ण, प्राकृत उण्ह, मराठी ऊन. कोकणात जमिनीतून ऊन पाणी वर आले तिथे लोकांनी फार विचार न करता तेच नाव ठेवले: राजापुरात उन्हाळे, दापोली तालुक्यात उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे. माझी आजी घंगाळात पाणी काढून ‘ऊन ऊन आहे तोवर घे’ म्हणायची, तेच हे ऊन. ज्वालामुखीचा संबंध नाही. पावसाचेच पाणी खडकातल्या भेगांतून खोल जाते, तापते आणि परत वर येते. ज्वालामुखी नाही हे ऐकून नातीची जरा निराशाच झाली.

या निमित्ताने आमचा कुलवृत्तांत पुष्कळ वर्षांनी कपाटातून काढला आणि या खेपेला नीट वाचला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा जाडजूड ग्रंथ असेल. या वाङ्मयप्रकाराकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि ते बरोबर नाही. पोस्टकार्डे पाठवून, गावोगाव हिंडून, पदरमोड करून लोकांनी ही पुस्तके उभी केली. कोण कुठल्या साली बडोद्याला नोकरीला गेला, कोणाची शेती कुळांकडे गेली, कोण प्लेगात गेले, हे दुसरीकडे कुठे सापडायचे? इतिहास म्हणून मला ती पाने प्रिय आहेत.

पण सुरुवात कशी होते पाहा. गोत्र, प्रवर, ऋषी, कुलदैवत यांना सात पाने. गावाला दीड ओळ. झऱ्याचा उल्लेखच नाही! ज्या पाण्याने आम्हाला नाव दिले ते संपादकांना पूर्वज म्हणून पुरेसे वाटले नाही.

ही खोड फक्त कुलवृत्तांतांची नाही. चोपडा तालुक्यातले उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात किनवटजवळचे उनकेश्वर, दोन्हीकडे गरम कुंडे आहेत, दोन्ही नावांत ऊन स्पष्ट ऐकू येते. आणि दोन्हीकडे सांगतात तेच: शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारला आणि ऊन पाणी निघाले. साध्या नावाला थोर कारण चिकटवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. नोव्हायवाल्यांनाही पडत नाही म्हणा. टोलरस्त्यावरचे सहावे नाके, म्हणजे ‘नंबर’चा ‘नो’ आणि रोमन सहाचे ‘व्ही-आय’, म्हणून नोव्हाय, असे इथे नवीन माणसाला हमखास ऐकवतात. गावाचे नाव ठरले 1832 मध्ये, टोलरस्ता त्यानंतरचा.

दंतकथेने कोणाचे नुकसान होत नाही. वंशवृक्षाने होते. आमच्या ग्रंथात मुलींच्या नावापुढे कंसात सासरचे आडनाव येते आणि फांदी तिथे संपते. नव्या आवृत्तीसाठी मी मुलीची आणि नातीची माहिती पाठवली, तेव्हा उत्तर आले की मुलीची मुले त्यांच्या वडिलांच्या कुळात मोडतात. वरकरणी नियम सरळ आहे. पण त्याच ग्रंथात पान उलटले की दत्तक आलेले मुलगे आहेत, आणि त्यांच्या पुढच्या चार पिढ्याही. दत्तकाला फांदी मिळते आणि पोटच्या मुलीच्या मुलीला मिळत नाही, तर मग हा ग्रंथ रक्ताचा हिशेब ठेवतो की फक्त मुलग्यांचा?

‘-कर’ला तर रक्ताशी कधीच देणेघेणे नव्हते. रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल पाहा: पेणकर, रोहेकर, नवगावकर. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत आणि आडनाव गावाचे. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर हे अलिबागजवळच्या किहीमचे. त्यांचे पुस्तक 1937 मध्ये तेल अवीवला छापले गेले. कोकणी मुसलमानांतही अशी आडनावे भरपूर. ‘-कर’ एवढेच विचारतो, कुठले तुम्ही?

नोव्हायमध्ये मोटार कंपन्यांमुळे जपानी कुटुंबे पुष्कळ आहेत. आमच्या शेजारच्या गृहस्थांना मी ही कथा सांगितली तर ते हसले. जपानीत ‘यु’ म्हणजे ऊन पाणी, आणि त्यावरून त्यांच्याकडेही आडनावे आहेत. युकावा म्हणजे ऊन पाण्याची नदी. जपानचे पहिले नोबेल 1949 मध्ये मिळवणारे हिदेकी युकावा हे जन्माने ओगावा, म्हणजे लहान नदी. 1932 मध्ये लग्न झाले तेव्हा ते बायकोच्या घराण्यात दत्तक गेले आणि तिचे आडनाव घेतले. आपण याला घरजावई म्हणून हसलो असतो. त्यांनी त्याच नावाने भौतिकशास्त्रात काम केले, आणि आज ते जगाला युकावा म्हणूनच माहीत आहेत.

मी संपादकांना पुन्हा फॉर्म पाठवला आहे. नातीचे नाव पोलिश आडनावासकट लिहिले. गोत्राच्या रकान्यात लिहिले: उन्हाळे, तालुका राजापूर, गरम पाण्याच्या झऱ्याजवळ. नातीने चित्रातला सूर्य खोडला नाही; ती म्हणते पाणी कशाने तरी तापायला हवेच ना, आजोबा.