वनस्पतिजन्य कीटकनाशके : परीक्षणाच्या निकषांचा विचार

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात कडुनिंब, करंज, सीताफळ व मोह ही झाडे शेतकऱ्याच्या हाताशी आहेत. त्यांच्या अर्कांनी धानावरील किडी आवराव्यात ही कल्पना येथे परकी नाही. प्रश्न आहे तो तिच्या परीक्षणाचा. या विषयावरील प्रबंधांत एक रीत वारंवार आढळते. काचेच्या बशीत अळ्या सोडावयाच्या, त्यांना अर्क द्यावयाचा आणि २४ वा ४८ तासांनी मेलेल्या अळ्यांची टक्केवारी मांडावयाची. या टक्केवारीवरूनच अर्क ‘प्रभावी’ की ‘निष्प्रभ’ याचा निवाडा होतो.

ही रीत मज्जासंस्थेवर झपाट्याने आघात करणाऱ्या कृत्रिम विषांना शोभते. कडुनिंबाची करणी तिच्यात मावत नाही. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड येऊन गेल्यावर कडुनिंबाची झाडे हिरवी राहिल्याचे हाइनरिश श्मुटरर यांनी पाहिले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान व त्यांचे सहकारी यांनी उभ्या पिकावर निंबोळीच्या गराचे पाणी फवारले, तेव्हा टोळ पिकावर उतरले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. दोन्ही प्रसंगी महत्त्वाचे ठरले ते टोळांचे मरण नव्हे, तर त्यांचा अन्नत्याग. पुढे १९६८ मध्ये निंबोळीतून वेगळे करण्यात आलेले अझाडिरॅक्टिन हे द्रव्य भक्षण तर रोखतेच, शिवाय कात टाकण्याच्या क्रियेचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांतही बिघाड करते. अळी जुन्या कातीतच अडकते, पण त्याला दिवस लागतात. दुसऱ्या दिवशीच मोजणी आटोपणाऱ्या परीक्षकाला हा परिणाम दिसणार तरी कसा?

धानाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाचक ठरते. तपकिरी तुडतुड्यांना खाऊन टाकणारे कोळी व ढेकूण विषारी फवाऱ्याने आधी मरतात आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा अधिक जोमाने उसळतात. याच अनुभवातून इंडोनेशियाने १९८६ मध्ये धानावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. म्हणजे किती किडी मेल्या, याइतकेच कोण जिवंत राहिले, हेही मोजणे अगत्याचे आहे.

दुसरा दोष याच्या उलट टोकाचा आहे. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ हे समीकरण अनेक निबंधांत सिद्धतेवाचूनच गृहीत धरलेले असते. तंबाखूतील निकोटिन वनस्पतिजन्यच आहे, पण ते माणसालाही घातक आहे. मोहबियांच्या पेंडीतील सॅपोनिन मासे मारते. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे काढण्यासाठी ही पेंड वापरतात, ते याच गुणामुळे. या जिल्ह्यांत बांधीतील पाणी खालच्या बांधीत, बोडीत व नाल्यात उतरते आणि माजी मालगुजारी तलावांच्या मासळीवर ढिवर कुटुंबांचा चरितार्थ चालतो. अशा प्रदेशात माशांवरील परिणाम न तपासता एखाद्या अर्काची शिफारस करणे हा शास्त्रीय सावधपणा नव्हे.

दशपर्णी अर्काच्या परीक्षणातही असाच सैलपणा दिसतो. दहा वनस्पतींचे मिश्रण शेतकऱ्याने वापरावे यात वावगे काही नाही. परंतु संशोधकाने केवळ मिश्रणाचा एकत्रित परिणाम नोंदवला, तर कोणत्या पानाने काय केले हे अज्ञातच राहते. शिवाय अझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशात लवकर विघटते. त्यामुळे बियांचे वय, साठवण व फवारणीची वेळ न सांगणाऱ्या प्रयोगाची पुनरावृत्ती दुसऱ्याला करता येत नाही.

हा वाद केवळ पद्धतीचा नाही. ‘प्रभावी’ या शब्दावर विसंबून निंबोळी अर्क फवारणारा शेतकरी सकाळी जिवंत अळ्या पाहतो, फसगत झाली असे मानतो आणि जहाल विषाकडे वळतो. त्या विषाची किंमत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये मोजली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. म्हणून किती पान खाल्ले गेले, किती अळ्यांची कात अडली, किती अंडी घातली गेली, कोळी व मासे वाचले की नाही, या नोंदी ज्या प्रबंधात नाहीत, त्याने अर्काला निष्प्रभ ठरवू नये आणि निर्धोकही म्हणू नये.