‘हाउस’मधली आई : ‘पॅरिस इज बर्निंग’संबंधी एक मुद्दा

जेनी लिव्हिंग्स्टन यांच्या ‘पॅरिस इज बर्निंग’ (१९९०) या अनुबोधपटाची समीक्षा बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी-पारलिंगी तरुण ‘बॉल’च्या स्पर्धांत ऐश्वर्यसंपन्न गोऱ्या स्त्रीचे रूप धारण करतात, तेव्हा ते त्या रूपाची मोडतोड करतात की त्यालाच शरण जातात? बेल हुक्स यांना (१९९२) त्यात गोऱ्या स्त्रीत्वाची पूजा दिसली. दिग्दर्शिकेने स्वतःला चौकटीबाहेर ठेवणेही त्यांना खटकले, आणि ते योग्यच होते. ज्यूडिथ बटलर यांनी (१९९३) शरणागती आणि प्रतिकार या दोहोंची सरमिसळ पाहिली. नात्यांच्या पुनर्रचनेचा मुद्दाही त्यांनी मांडला, पण उत्तरार्धात. माझ्या मते आरंभ तेथूनच व्हायला हवा होता.

‘हाउस’ हा शब्द पॅरिसच्या फॅशनविश्वातून उचललेला आहे. गोऱ्यांचे वर्चस्व असलेल्या सौंदर्यस्पर्धांतील पक्षपाताला विटून क्रिस्टल लबेजा यांनी आपल्या नावाचे हाउस उभारले. मराठीत ‘घराणे’ हा प्रतिशब्द सुचतो. आडनाव आणि शैलीची परंपरा यांपुरता तो चालेलही. घरातून हाकलल्या गेलेल्या मुलाला मिळालेला आसरा मात्र त्यात मावत नाही.

या आसऱ्याचे खरे स्वरूप व्हीनस एक्स्ट्राव्हगांझाच्या मृत्यूने उघड होते. १९८८च्या डिसेंबरात तिचा खून झाला. मृतदेहाची ओळख पटवायला कोणी आले नव्हते. तपास अधिकारी छायाचित्र घेऊन आला तो हाउसची आई अँजी हिच्याकडे. जन्मदात्या कुटुंबाला वार्ता कळवण्याचे कामही तिच्याच वाट्याला आले. विडंबनाची परिभाषा येथे लंगडी पडते. बॉलमध्ये प्रत्येक रूपाला गुण देणारे परीक्षक असतात. ‘आई’ या पदाची ही परीक्षा घ्यायला येथे पोलीस आले आहेत.

अर्थात या कुटुंबाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. आईचा अधिकार मोठा असतो आणि मुलांनी करंडक आणावेत ही अपेक्षाही असतेच. चित्रपटात स्पर्धा आणि मुलाखती विपुल आहेत. रोजचे पोसणे-सांभाळणे मात्र बोलण्यातून कळते, दिसते क्वचित. ती बाजू मार्लन बेली यांच्या डेट्रॉइटविषयक ग्रंथात (२०१३) सापडते. स्वतः बॉलमध्ये उतरलेल्या या अभ्यासकाने एचआयव्हीच्या छायेतील हाउसमधील शुश्रूषा आणि आधार यांना ‘श्रम’ या सदरात घातले आहे.