अंकीय वास्तुप्रतिमानातील तपशिलाची निवड : माळवदाच्या घराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
इमारतीचे संगणकावर तयार केलेले त्रिमितीय प्रतिमान आता केवळ वास्तुविशारदाच्या कार्यालयापुरते मर्यादित राहिलेले नाही. भूमापन, नगररचना, वारसा-जतन व आपत्ती व्यवस्थापन या क्षेत्रांतही त्याचा उपयोग होऊ लागला आहे. असे प्रतिमान करताना इमारतीचा किती तपशील घ्यावा, हा प्रश्न बहुधा निव्वळ तांत्रिक मानला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा मराठवाड्यातील माळवदाच्या घराच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न केला आहे. तपशील किती घ्यावा यापेक्षा तो कोणता व कशासाठी घ्यावा, हे आधी ठरणे आवश्यक आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

तपशिलाच्या प्रचलित श्रेणी :
शहरांच्या प्रतिमानासाठी २००८ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या सिटीजीएमएल या मानकाने तपशिलाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या सांगितल्या. जमिनीवरील आराखडा, ठोकळा, छपराचा आकार, दारे-खिडक्या आणि सर्वांत शेवटी घराचा अंतर्भाग, असा त्यांचा क्रम होय. ही शिडी सोयीची आहे. परंतु आधी बाहेरचे, मग आतले, असे एक गृहीतक तिच्या मुळाशी आहे. २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत चौथी पायरी काढून टाकण्यात आली आणि अंतर्भाग कोणत्याही पायरीवर दाखविण्याची मुभा देण्यात आली. अंतर्भाग म्हणजे तपशिलाची अंतिम अवस्था नव्हे, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

बांधकाम क्षेत्रात अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने २००८ मध्येच १०० ते ५०० अशी श्रेणी करारपत्रात आणली. तिचा रोख रेखाटनाच्या बारकाव्यापेक्षा त्या घटकाविषयीच्या माहितीवर किती विसंबता येईल यावर होता. व्यवहारात मात्र हा भेद पुसट होतो. अधिक रेखीव प्रतिमान तेवढेच अधिक विश्वसनीय समजले जाते.

माळवदाचे घर :
वाशी परिसरातील जुन्या गावठाणांत माळवदाची घरे आजही आढळतात. लाकडी खांब, तुळया, किलचा, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि भोवती मातीत रचलेल्या दगडी भिंती, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे प्रामुख्याने अशा घरांच्या ढिगाऱ्याखाली दगावली. काही घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला, पण भिंती फुटल्या. याचे एक प्रमुख कारण असे की, या भिंती प्रत्यक्षात आतला व बाहेरचा अशा दोन वेगवेगळ्या थरांच्या होत्या. मधली जागा माती व चिपांनी भरलेली होती आणि दोन्ही थरांना सांधणारे आरपार बांधदगड पुरेसे नव्हते. हादऱ्याने थर सुटले आणि भिंत फुगून कोसळली.

अशा बांधकामाविषयीच्या १९९३ च्या भारतीय मानकात भिंतीची जाडी ४५० मिलीमीटरहून अधिक नसावी आणि दर ६०० मिलीमीटर उंचीवर, आडव्या दिशेने १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता, आरपार दगड असावेत, असे सांगितले आहे. घर सुरक्षित आहे काय, हे सांगणारा तपशील हा आहे. आणि नेमका हाच तपशील पृष्ठभागाच्या मोजणीत सापडत नाही. लेझर स्कॅनर भिंतीवरील प्रत्येक खाच टिपतो, चौकटीवरील कोरीवकामाचे लक्षावधी बिंदू देतो. परंतु भिंतीच्या पोटात काय आहे, याविषयी तो मूक राहतो. भूकंपानंतर काही घरांच्या भिंतींना छिद्रे पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरण्यात आले. त्यावर गिलावा झाला की ही दुरुस्तीही दिसेनाशी होते.

हेतू आणि तपशील :
याउलट, अल्प तपशील नेहमीच अपुरा असतो असेही नाही. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणाचे १:५०० प्रमाणाचे नकाशे केले जातात. मिळकतीची हद्द ठरविणे हा हेतू असल्याने तेथे घराचा आराखडा पुरतो. दारे-खिडक्यांची भर घातल्याने मालकी अधिक स्पष्ट होणार नाही. तथापि, त्याच नकाशावरून घराच्या मजबुतीचा निष्कर्ष काढू लागल्यास ती नकाशाची नव्हे, वापरणाऱ्याची चूक ठरेल.

साठवण स्वस्त झाल्याने सर्वच तपशील घ्यावा, असा युक्तिवाद केला जातो. तो स्वीकारता येत नाही. मोजणीचे श्रम स्वस्त झालेले नाहीत. घर बदलले की प्रतिमानही बदलावे लागते. त्याहून गंभीर बाब अशी की, संगणकाला भिंत पूर्ण रेखाटावीच लागते. जे मोजले नाही तेही मोजल्यासारखेच गुळगुळीत दिसते आणि अज्ञान तपशिलाचे रूप घेते. युरोपीय मानकात २०२० मध्ये आलेली 'माहितीच्या गरजेची पातळी' ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते. कोणाला, केव्हा, कशासाठी माहिती हवी हे ठरवून मग आकार, गुणधर्म व कागदपत्रे यांची मागणी करावी, असे ती सांगते.

निष्कर्ष :
ग्रामीण घरांच्या प्रतिमानासाठी बाहेरून आत जाणारी शिडी जशीच्या तशी स्वीकारणे योग्य ठरणार नाही. सुरक्षितता हा हेतू असेल, तर कोरीव चौकटीआधी दाराच्या बगलेत मोजता येणारी भिंतीची जाडी, छतावरील मातीच्या थराची उंची आणि बांधदगडांची नोंद यावी. प्रत्येक घटकापुढे तो मोजलेला, केवळ पाहिलेला की गृहीत धरलेला, हे नमूद असावे. आणि जेथे माहिती नाही, तेथे 'अज्ञात' असेच लिहावे. महाविद्यालयीन प्रकल्पांत विद्यार्थ्यांना रेखीव प्रतिमानासाठी गुण देताना या नोंदीलाही गुण दिले, तर आपल्या गावठाणांतील कोणत्या भिंती आधी तपासायला हव्यात, याची उपयुक्त यादी त्यातून हाती येऊ शकेल.