वर्गातील झेरॉक्स आणि अनुवादकाचा हक्क

दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रत प्रकरणाचा निकाल लागल्यापासून अध्यापकवर्गात एक समज रूढ झाला आहे : शिकवण्यासाठी कशाचीही झेरॉक्स काढावी, कायदा आड येत नाही. दुसरीकडे जुना धाकही कायम आहे, की दहा टक्क्यांहून अधिक पाने घेतली की गुन्हा. भारतीय कायद्यात अध्यापनासाठी अशी टक्केवारी नाही. ‘फेअर यूज’ ही संज्ञाही अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातली. आपल्या १९५७ च्या कायद्यात ‘फेअर डीलिंग’ आहे आणि शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी त्याहून वेगळे कलम ५२(१)(आय) आहे.

२०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस यांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस व विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. नेमलेल्या पुस्तकांतील उतारे एकत्र बांधून हे दुकान ४० पैसे पानाने देत असे. १६ सप्टेंबर २०१६ रोजी एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबरला खंडपीठानेही अध्यापनाच्या हेतूला जेवढे लागेल तेवढे घेण्यास मुभा दिली. मात्र घेतलेली पाने खरोखर आवश्यक होती काय, हा प्रश्न पुराव्यासाठी खाली पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे तो अनुत्तरित राहिला. स्टाफरूममधल्या चर्चेत एवढा भाग सहसा गळतो.

खंडपीठाच्या मते तीस-चाळीस संदर्भग्रंथ विकत घेणारा विद्यार्थी मुळातच प्रकाशकाचा ग्राहक नसतो. महागड्या इंग्रजी ग्रंथांबाबत हे पटते. पण काहीशे प्रतींच्या मराठी वा उर्दू काव्यसंग्रहाचे काय? अभ्यासक्रमात लागलेल्या अशा पुस्तकाला विद्यार्थ्यांवाचून दुसरा ग्राहक तरी कुठला? या ठिकाणी निकालाचा युक्तिवाद तोकडा पडतो.

दोन भाषांच्या वर्गात गुंता आणखी वाढतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. इक्बाल १९३८ मध्ये गेले, मंटो १९५५ मध्ये. दोघांचे मूळ लेखन आता मुक्त आहे. फैज (मृत्यू १९८४) मात्र अजून मुक्त नाहीत. गालिबचा तर प्रश्नच नाही. परंतु सेतुमाधवराव पगडी यांनी मराठीत आणलेला गालिब हे पगडींचे स्वतंत्र लेखन होय. ते १९९४ मध्ये निवर्तले. म्हणजे तो हक्क २०५४ अखेरपर्यंत. एकाच पानावर वरचा शेर मुक्त आणि खालचा मराठी अर्थ संरक्षित, अशी ही स्थिती आहे.

तासाला ते पान वाटण्यास कलम ५२ ची मुभा आहे, कारण पोटकलम (२) नुसार ती अनुवादालाही लागू होते. तीच पाने बांधून कुणी परीक्षेचे ‘गाईड’ म्हणून बाजारात आणली, की अध्यापकाची ही सवलत संपते. शैक्षणिक संकलनाला वेगळी वाट आहे, पण ती अरुंद : बहुतांश मजकूर हक्कमुक्त हवा, उतारे छोटे हवेत आणि एका लेखकाचे दोनच उतारे एका प्रकाशकाने पाच वर्षांत छापावेत.

राहिला कलम ५७ चा प्रश्न. आपले लेखन आपल्या नावाने ओळखले जावे हा हक्क अनुवादकालाही आहे आणि तो हक्क इतरांना विकल्यावरही उरतो. वर्गात फिरणाऱ्या पानांवर शायराचे नाव ठळक असते. मराठी कुणाची, हे पुष्कळदा विद्यार्थ्याला वर्षअखेरीपर्यंत कळत नाही. कधी तर ती शिकवणाऱ्याचीच असावी असे तो धरून चालतो, आणि शिकवणाराही ते खोडून काढत नाही.