'ढ' या अक्षराचा अपराध काय?

मराठी बाराखडीतील एकच अक्षर शिवी झाले आहे. ते म्हणजे 'ढ'. 'तू ढ आहेस' एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. क कमळाचा होतो, घ घराचा होतो. ढ मात्र तक्त्यावर ढगाचा असला तरी वर्गात मागच्या बाकावरच्या पोराचा होतो. आणि मागच्या बाकावर, त्याआधी वर्गाच्या दाराबाहेर, कोणाला बसवले जात होते हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. म्हणून एका अक्षराची ही चौकशी केवळ भाषाशास्त्राची राहत नाही.

या शिवीची एक उपपत्ती सुशिक्षितांत कौतुकाने सांगितली जाते. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना अक्षरांची रूपे पार बदलली. अशोकाच्या लेखांतला क अधिकच्या चिन्हासारखा आहे, ग उलट्या व्हीसारखा, ठ म्हणजे नुसते वर्तुळ. ढ मात्र जवळजवळ तसाच राहिला. बावीसशे वर्षांत जे अक्षर पुढे सरकले नाही ते ढ. म्हणून वर्गात पुढे न सरकणारा मुलगाही ढ. यातले आकाराविषयीचे निरीक्षण खरे आहे. प्रश्न त्यातून काढलेल्या अर्थाचा आहे.

न बदलणे हा दोष कधीपासून झाला? आपल्याकडे तर 'अक्षर' या शब्दाचाच अर्थ 'न झिजणारे' असा आहे. वेद बदलत नाहीत म्हणून ते अपौरुषेय ठरले. धर्म बदलत नाही म्हणून तो सनातन ठरला. पोथीचे न बदलणे हे पावित्र्य आणि ढ चे न बदलणे हा मठ्ठपणा, असा दुहेरी न्याय अक्षरांनाही लावला गेला आहे. आकार कोणताही असो, त्याला मान द्यायचा की शिवी द्यायची हे ठरवणारा हात वेगळाच असतो.

अक्षरांच्या आकारात अर्थ पाहण्याची सवय जुनी आहे. इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी अकार म्हणजे गणेशाचे पाय, उकार म्हणजे पोट आणि मकार म्हणजे मस्तक अशी कल्पना आहे. तंत्रमार्गाने वर्णांना मातृका मानले. बौद्ध परंपराही यातून सुटलेली नाही. 'ललितविस्तरा'त बाल सिद्धार्थ शाळेत जातो, तेव्हा मुलांनी अ उच्चारताच अनित्यतेचे वचन निघते आणि पुढे एकेका वर्णातून एकेक धर्मवचन निघत जाते. तात्पर्य, रेघेला स्वतःचा अर्थ नसतो. ज्याच्या हाती पाटी, तो तिच्यात आपले जग भरतो. अनेक पिढ्यांनी पाठ केलेल्या तक्त्यावर म्हणूनच भ भटजीचा झाला, य यज्ञाचा झाला, क्ष क्षत्रियाचा झाला. गावकुसाबाहेरचा माणूस कोणत्याच अक्षराच्या वाट्याला आला नाही. त्याला मिळाला तो तक्त्याबाहेरचा ढ.

आता हा ढ अशोकाच्या दगडावर कोठे आहे ते पाहू. आजच्या हरियाणातील टोपरा येथे अशोकाचा एक स्तंभ होता. त्याच्या सातव्या लेखात धम्माच्या वाढीने लोकांची वाढ कशी व्हावी हा विचार आहे आणि त्यासाठी 'धंमवढि' हा शब्द आला आहे. 'वढि' म्हणजे वृद्धी. आपला मराठी 'वाढ' हा त्याच कुळातला शब्द. ज्या अक्षराला आपण न वाढण्याची खूण केले, ते त्या स्तंभावर नेमके वाढीच्या शब्दात कोरलेले आहे!

या स्तंभाची पुढची हकिकतही बोलकी आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीला नेला आणि त्यावरचे लिखाण वाचण्यासाठी पंडितांना बोलावले. कोणालाही ते वाचता आले नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडेपर्यंत, अशोकाने ज्यांना 'धंमलिपि' म्हटले त्या लेखांसमोर या देशातली सगळी विद्वत्ता ढ च होती. तिला मात्र कोणी मागच्या बाकावर बसवले नाही.

महाराष्ट्राच्या मातीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी काही तुकडे सोपाऱ्याचे आहेत. आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला, नवव्याचा १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी. नवव्या लेखाचा पाठ गिरनारला पाहता येतो. लोक करतात ती मंगलकार्ये अल्पफल आहेत, दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणे हे खरे मंगल, असे तो सांगतो. या भूमीत अक्षर आले ते असा निरोप घेऊन, लोकांच्या प्राकृतात आणि उघड्या दगडावर.

येथे एक मोह टाळला पाहिजे. ढ हे आमचे अक्षर, ते 'वाढ' मध्ये आहे, 'लढा' मध्ये आहे, म्हणून ते क्रांतीचे अक्षर, असे म्हणणे सोपे आहे. पण ढ 'मूढ' मध्येही आहे आणि 'रूढी' मध्येही आहे. एका गूढवादाला उत्तर म्हणून दुसरा गूढवाद उभा करणे ही बुद्धाची रीत नव्हे. 'वढि'चा दाखला मोलाचा आहे तो त्यात काही दैवी संकेत आहे म्हणून नव्हे. तो दगडावर आहे आणि कोणालाही तपासता येतो, म्हणून.

अपमानाचा शब्द उचलून कपाळावर घेण्याची परंपरा आपल्याकडे आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पत्र काढले त्याचे नाव 'मूकनायक'. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली 'अक्करमाशी' आणि लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली 'उचल्या' ही शिवीच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापली आणि ती देणाऱ्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पण हे लेखकाला शक्य होते. आठ वर्षांच्या पोराजवळ मुखपृष्ठ नसते. त्याच्याजवळ पाटी असते, आणि तिच्यावर शिक्षकाने मारलेला शिक्का असतो. एकदा तो ढ ठरला की त्याला प्रश्न विचारणे बंद होते. प्रश्न बंद झाले की उत्तरे येणे बंद होते. आणि मग शिक्का खरा ठरल्याचे समाधान शिक्षकाला मिळते.

आपल्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे मागणे एवढेच आहे. फळ्यावर ढ काढाल त्या दिवशी शेजारी अशोकाचा ढ काढा, दोन्ही सारखे कसे दिसतात ते मुलांना दाखवा आणि खाली 'वढि' हा शब्द लिहा. तो वाचून दाखवायला मागच्या बाकावरच्या मुलाला पुढे बोलवा.