तुकडे जमिनीचे, हिशेब कुणाचा?

शिवाजीनगरच्या शेतकी महाविद्यालयावरून जाताना मला हॅरोल्ड मॅन यांचे पुस्तक आठवते. मॅन तेथे प्राचार्य होते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची त्यांची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ७ एकर उरली, हा त्यांचा हिशेब. हिशेब चोख आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याची सरासरी कशी काढायची?

मॅनना तो माणूस दिसलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यातील अस्पृश्यांवर, दख्खनच्या एका गावातील महारांवर त्यांनी निबंध लिहिले. पण वेगळे! शेतीचा प्रश्न एका बाडात, महारवाडा दुसऱ्या बाडात. गावाची रचनाच जणू अभ्यासात उतरली.

१९१८ साली बाबासाहेबांनी लहान शेतधारणांवरील निबंधात प्रश्नच फिरवला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही; भांडवल, अवजारे, राबणारे हात यांच्या प्रमाणात ठरते. तुकडे जोडल्याने रिकाम्या हातांना काम मिळत नाही. त्यासाठी कारखानदारी हवी. माझ्या मते, भूमिहीन माणूस शेतीच्या हिशेबात शिरतो तो या कोरड्या वाटणाऱ्या युक्तिवादातून.

आज हे महाविद्यालय फुल्यांचे नाव लावणाऱ्या राहुरीच्या विद्यापीठाखाली आहे. पिंपळे सौदागरात शेतांच्या जागी टॉवर उभे आहेत. शेतकीच्या विद्यार्थ्यांनी मॅन जरूर वाचावा. पण शेजारी बाबासाहेबांचा निबंध उघडा ठेवून, आणि दादासाहेब गायकवाडांचा १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह ध्यानात ठेवून.