दोन, तीन आणि एक झाड

मागच्या व्याख्यानात आपण ग्राफ काढले होते. प्रत्येक शिरोबिंदूवर आणि प्रत्येक कडेवर एकेक अनंत चक्रीय गट, म्हणजे साधी पूर्णांकांची बेरीज, आणि कडेच्या दोन्ही टोकांना एकेक आकडा. आज त्यातला सगळ्यात गाजलेला घेऊ : एकच शिरोबिंदू, तिथेच परत येणारी एकच कड, टोकांना २ आणि ३. गिल्बर्ट बाउमस्लाग आणि डोनाल्ड सॉलिटार यांनी १९६२ साली जेमतेम तीन पानांच्या लेखात हा गट मांडला. पाठ्यपुस्तकांत तो 'विचित्र प्रतिउदाहरण' म्हणून येतो आणि दोन ओळींत उरकला जातो. आमची तक्रार नेमकी तिथे आहे.

बघा, जनक दोनच : अ आणि ट. 'ट, अ, ट-उलटा' या गुणाकाराला ब म्हणू. नियम एकच : ब दोनदा म्हणजे अ तीनदा. आता अ च्या जागी अअ ठेवा, ट तसाच राहू द्या. नियम मोडत नाही. ब चा झाला बब, म्हणजेच अअअ. हाती अअ आहे, अअअ आहे. वजा करा, अ परत मिळाला! म्हणजे प्रतिमेत सगळा गट आला. पण अअ आणि अअअ यांचा क्रम बदलला तरी चालतो, म्हणून अ आणि ब यांचा कम्यूटेटर या प्रतिमेत एकक होऊन जातो. मग मुळात अ आणि ब क्रम बदलू देतात का?

पुस्तकं इथे ब्रिटनचं लेमा लावून मोकळी होतात. उत्तर बरोबर, पण दिसत काहीच नाही. ज्याँ-पिएर सेर यांच्या १९७७च्या पुस्तकातलं झाड घ्या. इथे प्रत्येक शिरोबिंदूला पाच शेजारी. अ स्वतःच्या शिरोबिंदूवर स्थिर राहतो आणि शेजाऱ्यांना फिरवतो, दोघांना एका फेऱ्यात, तिघांना दुसऱ्या. म्हणून अ चा स्थिर बिंदू तो एकच. ब चाही एकच, पण शेजारचा. क्रम बदलता आला असता, तर ब ने अ चा बिंदू जागीच ठेवला असता. ठेवत नाही. संपलं.

अर्थात झाडाचं फार कौतुकही नको. तीनातून दोन वजा करण्याची गंमत त्यात दिसत नाही, ती १९६२च्याच हिशेबात आहे.

आणि हे नुसतं वैचित्र्य नव्हे. माल्त्सेव यांनी १९४० साली दाखवलेल्या गोष्टींवरून निघतं की हा गट मॅट्रिक्सच्या रूपात अचूक उतरवताच येत नाही. त्याची कोणतीही सांत प्रतिमा घ्या, कितीही मोठी, त्या कम्यूटेटरचं तिथे एककच होतं. संगणकावर सांत प्रतिमा तपासत बसलो, तर तो एकक नाही हे कधीच कळणार नाही. झाडावर मात्र एका शेजाऱ्याकडे पाहून कळतं.